कोरडा भंडारा

परभणीच्या कॉलेजातून सुट्टीला आले, पिंगळी स्टेशनवर उतरले आणि आमची मेंढरं बसली होती त्या शेतात पोचले, तर… कोकरांच्या जाळीच्या कुंपणात मल्हारी झोपलेला! एक बूट पायात, दुसरा गायब. आणि उशाला आमचा एडका, कळपातला थोरला मेंढा.

मी किंचाळलेच.

"चंदा? तू… हितं कशी?"

"मेंढरं आमची हायेत. तू हितं कसा, ते सांग!"

"हरिओमच्या हळदीत गेल्तो… बबल्या म्हनला एकच घोट घे… मंग—" आणि त्याने स्वतःचे तळवे पाहिले. पिवळेधमक. कपाळही तसंच.

"हळद लावली आसंल कुनीतरी."

"हळद वली राहती चंदे. ह्यो कोरडा हाय… भंडारा! म्या शपथ घितली. कशाची?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पडणारच. खंडोबाचा भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. एडक्याच्याही कपाळावर पिवळा मळवट होता, पण तेव्हा तिकडे कोण बघतंय!

त्याने बबलूला फोन लावला. बबलूचा आवाज मलाही ऐकू आला, "आरं, तू तर चंदाच्या बापाकडं निघाला व्हतास! आज बोलूनच टाकतो म्हनून!"

माझे कान तापले. दर सुट्टीला स्टेशनवर 'सहज' भेटणारा हा मुलगा बोलण्यात आजवर ऊन-पावसाच्या गप्पांपुढे गेला नव्हता. आणि बोलला तो पिऊन? हसावं की दोन थोबाडीत द्याव्यात, कळेना.

"शुद्धीत एकदा तरी बोलायचं रे…" माझा आवाज चिरकला.

तेवढ्यात माझे वडील, आबा, चहाचा पेला घेऊन आले. मल्हारी ताडकन उठला, एका बुटावर.

"मामा, पिऊन बोललो, लय चुकलं. पन शब्द खोटा न्हाई. आता शुद्धीत सांगतो… मला चंदाशी लगीन करायचंय. ती व्हय म्हनली तर."

आबांचा चहा धोतरावर सांडला.

"चंदाशी? चंदाचं नाव कवा निघालं? रातच्याला तू ह्या एडक्याच्या गळ्यात पडून रडलास. त्यालाच 'मामा, मामा' करायलतास. आन् भंडारा उचलून दारू सोडलीस. साक्षीदार म्हनून त्याच्याबी कपाळाला लावलास!"

एडका निवांत रवंथ करत होता. मल्हारीला घाम फुटला.

"म्हंजी… म्या आत्ताच पयल्यांदा…?"

"व्हय," मी म्हणाले. "आत्ताच."

आबा पालात गेले. भंडाऱ्याची डबी आणली आणि माझ्यापुढे धरली. "त्यानं सांगितलं. आता तुझ्या मनात काय, ते तू सांग पोरी."

मल्हारी अजून एका बुटावरच उभा होता. मी ओढणीच्या टोकाने त्याचं कपाळ स्वच्छ पुसलं. मग चिमूटभर भंडारा घेतला… आणि त्याच कपाळाला नीट लावला.

"रातचा शब्द त्याला दिलास," मी एडक्याकडे बोट केलं. "ह्यो मला. दोनी पाळायचे."