चौकटीबाहेरची चाहूल

फ्रिज चालू असतो तेव्हा त्याची घरघर आपल्याला ऐकू येत नाही. ती थांबते, तेव्हाच कळतं की इतका वेळ ती होती.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणणार नाही. पण पुढे लिहिलंय ते घडलेलं आहे. आम्ही तिघी तिथे होतो आणि तिघींनी ते ऐकलं. तेव्हापासून कुठेही वीज गेली की मी आधी फ्रिजकडे कान देते.

१९९६ सालचा मे महिना. दिल्लीच्या मयूर विहारमधला माझ्या भावाचा फ्लॅट.

भर दुपार.

माझा भाऊ निहार सिनेमासाठी आवाज टिपायचा. साउंड रेकॉर्डिस्ट. त्या दुपारच्या सात वर्षं आधी एका सिनेमासाठी नदीचा आवाज टिपायला तो होडीतून गेला. होडी सापडली. मशीन सापडलं.

तो सापडला नाही.

'निहार गेला' असं त्याची बायको रुचिरा कधीच म्हणाली नाही. नोएडात ऑफिसजवळ तिनं फ्लॅट घेतला होता. चाव्या हातात येऊन वर्ष झालं होतं. रोज बसनं यमुनेकाठच्या रस्त्यानं जायची, यायची, पण घर हलवायची नाही.

"तो आला तर इथेच येईल ना, ताई," एवढंच म्हणायची.

त्यांची मुलगी अर्पिता मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षाला होती. एका सिनेमाचं विश्लेषण लिहायचं होतं. तिनं बाबाचाच शेवटचा सिनेमा निवडला. तो गेल्यावर इतरांनी पुरा केलेला. त्याची कॅसेट घरात होती, पण कुणी लावलेली नव्हती.

"आत्या, तू पण बस," ती म्हणाली. "आणि फक्त टेक्निक बघायचंय हं. कॅमेरा, कटिंग, साउंड. रोना-धोना अलाउड नहीं."

"मी कशाला रडू?" रुचिरा म्हणाली. "चहा ढवळायचा आवाज हवा म्हणून माझी अर्धा किलो साखर संपवली होती तुझ्या बाबानं."

पडदे ओढले. कॅसेट सुरू झाली.

एका प्रसंगात म्हातारी टेबलाशी बसलीय. मागे स्वयंपाकघराचं दार. कॅमेरा हलत नाही. दारातून कुणी दिसत नाही, फक्त कप ढवळल्याचा आवाज येतो. मग चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजतो.

टक टक.

ती निहारची सवय. तो आवाज त्यानं याच घरात, स्वतः चहा करून टिपला होता.

"बघ," अर्पिता म्हणाली, "तिचा मुलगा एकदाही दिसत नाही. तरी आपण मानतो की तो आत आहे. चौकटीबाहेरच्या या आवाजाला मराठीत काय म्हणतात?"

"निहार चाहूल म्हणायचा," मी म्हणाले.

"चाहूल मतलब?"

"आहट."

"अच्छा. हा शब्द आपल्या घरी कुणी बोलतच नाही यार."

रुचिरा पडद्याकडेच बघत होती.

शेवटी तोच शॉट पुन्हा येतो. तीच म्हातारी, तेच दार. फक्त चमचा वाजत नाही. राहते ती खोलीची शांतता आणि तिच्यातली बारीक घरघर. तीसुद्धा याच हॉलमधली, आमच्या फ्रिजची. ती टिपताना निहारनं सगळ्यांना श्वास रोखायला लावला होता. छोटी अर्पिता तोंडावर हात दाबून टेबलाखाली बसली होती.

"चित्र तेच आहे," अर्पिता हळू म्हणाली. "नुसता आवाज काढून घेतला... आणि कळलं की मुलगा गेला."

तेवढ्यात वीज गेली.

टीव्ही विझला. पंखा मंदावत थांबला. कूलर गप्प झाला.

आणि मग मला जाणवलं...

घरघर थांबली नव्हती.

मी बाल्कनीत गेले. सगळ्या ब्लॉकची वीज गेली होती. खाली कुठे जनरेटर चालू नव्हता. आत येऊन फ्रिजला तळहात लावला. तो जरासुद्धा थरथरत नव्हता.

घरघर मात्र तशीच... अंगावर येणारी.

"आत्या, ही टेपमधली शांतता आहे ना?" अर्पितानं माझा दंड धरला.

मी तिला काहीतरी कारण सांगणार होते.

स्वयंपाकघरात कप ढवळल्याचा आवाज आला.

सावकाश. साखर तळाशी राहिल्यासारखा...

टक टक.

अर्पिता दाराकडे निघाली. "बाबा?"

"थांब," रुचिरा म्हणाली.

सात वर्षं ती याच आवाजाची वाट बघत होती. मला वाटलं, ती धावत आत जाईल. तिनं मुलीला मागे सरकवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. आत पाहिलं नाही. चौकटीवर हात ठेवला, नजर खाली. पायांशी निहारच्या चपला होत्या, ती रोज पुसून ठेवायची त्या.

आत पुन्हा चमचा फिरायला लागला.

भाजी काय आणू, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात ती बोलली.

"निहार, आम्ही रविवारी नोएडाला राहायला जातोय. आता तू येऊ नकोस."