रिकामी चाकं

वैशाखातला गुरुवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि धाड गावचे वामनराव शेगावला निघाले होते. त्यात नवल काही नाही. आपल्याकडचा माणूस गुरुवारी शेगावला नाही जाणार तर कुठं जाणार? नवल एवढंच, की ते एसटीनं किंवा जीपनं नव्हे, स्वतःच्या गाडीनं निघाले होते, आणि ती गाडी अडतीस वर्षांत शेडबाहेर आली नव्हती.

गाडी विलायतेत बनलेली. गर्द हिरवी, बुटकी, दोनच सीटांची, वरचं छत मागं दुमडणारी. वामनरावांनी तरुणपणी ती खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेठकडून आणली आणि आणल्या दिवशीच तिच्यावर असे भाळले, की वापरायचं सोडून जपायलाच लागले. धाडचे रस्ते खडबडीत, धूळ अमाप, बाजाराच्या दिवशी येणारा-जाणारा हात लावणार. मग तिच्यासाठी पक्की शेड बांधली. टायर बसू नयेत म्हणून फकीर मोहम्मद मेकॅनिकनं गाडी चार बाभळीच्या ठोकळ्यांवर चढवून दिली. चाकं जमिनीपासून वीतभर वर राहिली, ती तशीच.

पण हौस कुणाला चुकली आहे? दर गुरुवारी अकरा वाजता वामनराव अंघोळ करून गाडीत बसायचे, इंजिन चालू करायचे, गिअर टाकायचे आणि स्टिअरिंग धरून डोळे मिटायचे. मागची चाकं हवेत गरगर फिरायची. पंधरा मिनिटं. मिटल्या डोळ्यांपुढं बुलढाणा यायचं, बोथ्याचा घाट यायचा, आणि शेजारच्या सीटवर वंदना बसलेली असायची, मोरपंखी शालू नेसून, पदर सावरत, हसत.

खरी वंदना, त्यांची बायको, शेडच्या दाराशी उभी असायची.

गाडी आली त्या दिवशी तो मोरपंखी शालू नेसून ती मोठ्या हौसेनं डाव्या सीटवर बसली होती. "चाला नं, शेगावले जाऊन येऊ," म्हणाली होती. "उतर आधी," वामनराव म्हणाले होते, "जरीनं सीट खरचटते." ती उतरली. नंतर कधी बसली नाही. घरात मूलबाळ नव्हतं. एकदा मात्र ती बोलून गेली, "लेकरू असतं त त्याले बी तुम्ही ठोकळ्यावरच ठेवलं असतं." आणि दर गुरुवारी एक वाक्य ठरलेलं, "अहो, रिकामं जातं फिरवू नाही, लेकराचा पायना रिकामा हालवू नाही. अन् तुम्ही रिकामे चाकं फिरवता." वामनराव हसायचे. जात्याचं नि मोटारीचं काय सोयरसुतक!

माघात वंदना गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. वामनराव एकटेच स्वयंपाक करीत, एकटेच जेवीत. गुरुवार तेवढा सोडला नाही. डोळे मिटले की ती शेजारी असायची, आणि ती पंधरा मिनिटं सोडली तर आठवड्यात दुसरं काही नव्हतं.

शेवटी त्यांनी गाडी एका संग्रहालयाला देऊन टाकायचं ठरवलं. शनिवारी माणसं येणार होती. काचेच्या खोलीत ठेवू, असं ते लोक म्हणाले होते. आणि मग एका रात्री वामनरावांना झोपेना. अडतीस वर्षांत वंदनाला एकदाही शेगावला नेलं नाही. आता सीट रिकामी असली तरी चालेल, पण तिला एकदा न्यायचंच.

सकाळी फकीर मोहम्मदनं नवे टायर चढवले, ठोकळे काढले. म्हातारा खूश होता.

"चांगलं केलं, वामनभाऊ. गाडी काय पुजाची चीज आहे? चाकाले रस्ता लागते. तुम्ही रस्ता नाही देला, त थे सोताच शोधते."

"फकीरभाई, तू बी वंदनासारखाच बोलून राह्यला," वामनराव म्हणाले. त्यांनी पिशवी पायांशी ठेवली. डावी सीट मोकळी ठेवली.

आणि काय सांगू, गाडी रस्त्याला लागली आणि बहात्तर वर्षांचा माणूस पोरासारखा झाला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. डोळे मिटून ऐकलेला तोच आवाज, पण आता त्याच्यासोबत वारं होतं. खड्ड्यात चाक आपटलं की हाडापर्यंत कळत होतं. निंबाचा मोहर, तापलेलं ऑइल, धूळ, सगळं नाकातोंडात जात होतं. बॉनेटवर खडा उडून रंगाचा टवका गेला आणि वामनराव मोठ्यानं हसले. हे एवढं जवळ होतं, आणि आपण शेडमध्ये बसून राहिलो! हसता हसताच त्यांनी डावीकडं पाहिलं. रिकाम्या सीटवर ऊन पडलं होतं.

बुलढाणा मागं पडल्यावर एका टपरीशी ते चहाला थांबले. टपरी चांगुणाबाईची. पन्नाशीची, बोलघेवडी बाई. तिनं गाडीकडं पाहिलं, मग यांच्याकडं.

"मालकाचे वडील का तुम्ही?"

"कोणत्या मालकाचे?"

"या गाडीच्या. दर गुरुवारी जातात नं इकून नवराबायको."

"दुसरी गाडी असन, बाई."

"दुसरी कशी? नंबर मले वाचता येत नाही, पण समोरची पाटी अशीच वाकडी आहे नं." चहा गाळता गाळता ती सांगू लागली. "मी लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली. कवा थांबत नाहीत. बाई हासतात, मले हात करतात. थो मिशीवाला मात्र समोरच पाहते. मान म्हणून वळवत नाही. अन् एक सांगू? गाडीचा आवाज येत नाही, बापा. एवढी मोठी गाडी, पण कुत्रं बी मान वर करत नाही."

"बाई… कशा दिसतात?"

"देवीवानी. मोरपंखी शालू. इतके वर्षं झाले, माह्ये केस पांढरे झाले, त्या तशाच. मोठ्या घरच्या बायका उतरत नाहीत, म्हणते मी."

वामनरावांनी कप खाली ठेवला. "मागच्या गुरुवारी गेले होते?"

"हाव. आजच नाही दिसले."

चहा तसाच राहिला. वामनराव गाडीत बसले तेव्हा बारा वाजून गेले होते. भर दुपारच्या वेळेला घरची म्हातारी माणसं पोरांना उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, ते उगाच नव्हे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढं डांबर तापून पाण्यासारखं हलत होतं. त्यांना भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती आशा होती. ती आहे. कुठंतरी आहे. हसते आहे.

घाटाच्या तोंडाशी वनखात्याचा नाका. तिथला रखवालदार भागवत धावतच दांडा वर करायला आला.

"आले का साहेब! लवकर जा. बाई मघाशी पायीच गेल्या इकून."

"कोण बाई?"

"तुमच्या गाडीतल्या. 'आज गाडी आलीच नाही' म्हणे. मी पाणी देलं, घेतलं नाही. अनवाणी आहेत हो… या डांबरावर!"

वामनरावांना सगळं एकदम समजलं. दर गुरुवारी अकरा वाजता शेडमध्ये चाकं फिरायची, तेव्हा इथं गाडी निघायची. आज चाकं त्यांनी जमिनीवर उतरवली होती. तिची गाडी ते स्वतः घेऊन आले होते. त्यांनी भागवतला आपला फोन नंबर दिला. "त्या दिसल्या, गाडी दिसली, काहीही दिसलं, त मले फोन कर."

घाटात सागाची झाडं बोडकी उभी होती. पानांचा खच, त्यातून सुकी खसफस. वामनरावांनी गाडी अशी हाणली, की वळणावर टायर किंचाळले. टायरचं, रंगाचं, कशाचंच भान नव्हतं. तिला गाठायचं, डाव्या सीटवर बसवायचं, बास.

चौथ्या वळणावर बहाव्याखाली ती उभी होती.

सत्तावीस वर्षांची. मोरपंखी शालू, कपाळावर घाम. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, कारण खाली जमीन भाजत होती. वामनरावांनी ब्रेक दाबला, वाकून डावं दार उघडलं.

"बस," एवढंच म्हणाले.

ती गाडीकडं पाहत राहिली. मग त्यांच्याकडं.

"गाडी आमची आहे… तुमच्यापाशी कशी आली, बाबा?"

"वंदना… मी वामन."

ती दोन पावलं मागं सरकली. "माह्यं नाव कोण सांग्तलं तुम्हाले?"

"मी नेतो तुले शेगावले. आत्ता नेतो. बस नं…"

"नाही." तिनं नाक्याकडून येणाऱ्या रस्त्याकडं पाहिलं. "ते येतीन. मले सोडून ते कुठीच जात नाहीत. दर गुरुवारी नेतात. कवा 'उतर' म्हणत नाहीत मले."

वामनरावांनी मान खाली घातली. इंजिन घरघरत होतं. उघड्या दारातून सागाच्या पानाचा एक चुरा सीटवर येऊन पडला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज कष्टी झाला होता. "त्याइची गाडी त्याइले नेऊन द्या. मी इथीच उभी राह्यते. पाय लई भाजून राह्यले… लवकर करा."

त्यांनी दार ओढून घेतलं आणि गाडी वळवली. आरशात ती बराच वेळ दिसत होती, पाय बदलत, त्याच रस्त्याकडं पाहत. शेगाव पुढं राहिलं. भरधाव गाडी चालवत, उन्हानं आणि रडण्यानं डोळे चुरचुरत, एक बहात्तर वर्षांचा माणूस आपल्याच बायकोसाठी आपल्याच जागेवर दुसऱ्याला बसवायला घरी चालला होता. याहून एकटा माणूस मी तरी पाहिला नाही.

धाडला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. फकीर मोहम्मद दुकान बंद करत होता. त्याला त्यांनी हाताला धरून आणलं.

"ठोकळे घाल, फकीरभाई."

"का झालं? शेगाव?"

"ठोकळे घाल. अडतीस वर्षं घातले नं? अजून एक डाव घाल."

फकीर मोहम्मदनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. जॅक लावला. एकेक चाक वर गेलं. वामनरावांनी संग्रहालयवाल्यांना फोन करून शनिवारी येऊ नका म्हणून सांगितलं. आता त्यांना ही गाडी कधीच द्यायची नव्हती आणि कधीच चालवायची नव्हती. एका दिवसात सुख चाखलं होतं तेवढं पुरे. तिचे पाय भाजत होते.

दिवेलागणीच्या सुमाराला त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला. चाकं हवेत फिरू लागली. या वेळी डोळे मिटल्यावर त्यांनी स्वतःला गाडीत पाहिलं नाही. फक्त तिला पाहिलं. ती बसली, पदर सावरला, पाय आत घेतले. वामनरावांना हायसं वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे, फोन वाजला तेव्हा शेडमध्ये अंधारून आलं होतं.

"साहेब, मी नाक्यावरचा भागवत. बाईले पाहाले घाटात वळणापर्यंत आलो होतो." तो धापा टाकत होता. "गाडी गेली आत्ता."

"बाई होत्या?"

"होत्या."

"हासत होत्या नं?"



"नाही, साहेब… दार वाजवून राह्यल्या होत्या आतून. दोन्ही हातानं. 'गाडी फिरवा, थे म्हातारेच माह्ये धनी होते, थे मांगं राह्यले' म्हणून वरडून राह्यल्या होत्या. गाडीतून आज पह्यल्यांदा आवाज आला त्याइचा. मी आडवा झालो गाडीले, पण चालवणारा… त्यानं पाह्यलंच नाही. थो कोण आहे, साहेब? थांबवा न त्याले…"

वामनरावांनी झटकन किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. अशी शांतता झाली, की फोनमध्ये भागवतचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्याबरोबर मागून एक बारीक, एकसारखी घरघर.

"वामनभाऊ," फकीर मोहम्मद दारातून पुटपुटला. त्याची नजर मागच्या फिरत्या चाकांवर होती. "ब्रेक दाबा…"

वामनरावांचा पाय मघापासून ब्रेकवरच होता.