शिवून टाकलेल्या बाह्या

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच घरात, माझ्याच मुलाच्या बाबतीत घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

आणि रात्रबित्र नव्हती. गेल्या वर्षीचा ऑगस्ट. जे घडलं ते सगळं दिवसाउजेडी.

आमचं गाव पॅराग्वेतल्या कोर्दियेरा भागात. अकोस्ता न्यूचं माळरान इथून गाडीने वीस मिनिटांवर. १८६९ साली देशात लढायला पुरुष फारसे उरलेच नव्हते, तेव्हा तिथे ब्राझीलच्या घोडदळासमोर लहान मुलं उभी केली होती. दुरून मोठी वाटावीत म्हणून त्यांना खोट्या दाढ्या लावल्या होत्या.

तो दिवस सोळा ऑगस्ट. आमच्याकडे बालदिन त्याच दिवशी असतो.

आमचा एक हौशी गट दरवर्षी ती लढाई पुन्हा उभी करतो. माझा नवरा देर्लिस त्यात आहे. त्याच्याकडे घोडा, म्हणून त्याच्या वाट्याला कायम ब्राझीलचा स्वार येतो. ऑगस्टभर मित्र त्याला छळतात, "काय ब्राझीलवाले, बायको घरात घेते ना अजून?"

कपडे मी शिवते. गटाचा नियम कडक आहे. मशीनचा एक टाका दिसला तरी कपडा परत.

गेल्या वर्षी आमचा सिरो सहा वर्षांचा झाला. त्यालाही सैनिक व्हायचं होतं. मी जाड सुती कापड आणलं, लाल रंगवलं, त्याच्या मापाचा सदरा बेतला.

माझ्या सासूबाईंना, इदालिनांना, हे मुळीच पसंत नव्हतं.

"पोराला मेल्याचं सोंग करून गवतात निजवायचं? हा कुठला खेळ गं?"

"आई, सगळ्यांचीच मुलं जातात."

"जाऊ देत. आपला एकच आहे."

सदरा पुरा झाला त्या दिवशी मी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि जेवण झाल्यावर सिरोला घेऊन आडवी झाले. दुपारी आमचं अख्खं गाव झोपतं. कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

उठल्यावर सिरोला सदरा घालून बघायला गेले, तर...

त्याचा हात बाहीतून बाहेरच येईना.

बाही मनगटाशी शिवून टाकलेली होती. दुसरीही.

गळासुद्धा.

बारीक, घट्ट टाके. माझ्यापेक्षा सुबक.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, पीत बसल्या होत्या.

"हे काय केलंत?"

त्यांनी सदरा डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चाचपला. "मी? सुईत दोरा तूच ओवून देतेस ना मला?"

"शेजारणीकडून करून घेतलं असेल."

"हो ना. आणि वर तिला पार्टी दिली. जा, पाणी मार तोंडावर."

मी टाके उसवले. दोरा माझा नव्हता. पिवळट, खरखरीत... रानातल्या काटेरी झुडपाचा वाख. असा दोरा आता कुणी वळत नाही. पण सासूबाईंच्या आईला वळता यायचा, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

झालं. माझा संशय पक्का.

सदरा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. कुलूप घातलं. किल्ली गळ्यात.

तीन दिवसांनी सासूबाई बहिणीकडे काआकुपेला गेल्या. त्या दुपारी मी झोपले नाही. ट्रंकेसमोर खुर्ची टाकून बसले. सिरो शेजारी झोपलेला. सगळं चिडीचूप.

आणि मग...

मेण लावलेला दोरा जाड कापडातून ओढला की कसा आवाज येतो, मला चांगला माहीत आहे.

खर्र...

थोडं थांबून, खर्र...

ट्रंकेतून.

मला उठायलाच किती वेळ लागला, सांगता येत नाही. उघडून पाहिलं. बाह्या बंद. गळा बंद.

"आईंनी दुसरी किल्ली करून घेतलीय," मी देर्लिसला म्हटलं.

"आणि काआकुपेहून शिवते का ती? एवढा लांब दोरा?"

तो हसला. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. खोगिराचे पट्टे तोच शिवतो घरात.

"बघतेस काय अशी? पोराला मैदानात बघायची मलाच जास्त हौस आहे, वेडे!"

खरं सांगते, तिथेच थांबायला हवं होतं. पण सासूबाईंचं म्हणणं खरं होणार, हे मला सोसवत नव्हतं.

सोळा तारखेला सकाळी, उसवून ठेवलेला सदरा पुन्हा तसाच शिवलेला निघाला. मी गाडीत बसून टाके उसवले, सिरोला तो चढवला आणि मक्याच्या कणसाच्या केसांची दाढी त्याच्या कानांमागे बांधली.

ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे हिवाळा, थंडी कडाक्याची. आम्ही आया झाडांच्या कडेला, दोरीच्या मागे उभ्या. ढोल वाजला. घोडे सुटले. चाळीस मुलं ठरल्याप्रमाणे गवतात कोसळली. घोडे बाजूच्या आखलेल्या वाटेने जायचे, शिट्टी झाली की सगळ्यांनी उठून हात हलवायचे, असं ठरलेलं.

शिट्टी झाली. मुलं उठली. टाळ्या पडल्या.

एक उठलं नाही.

मी दोरीखालून धावले. सिरो पालथा पडलेला, हात पोटाखाली. त्याला उचलायला गेले...

उचलेना.

वीस किलोचा जीव. पण त्याच्या वर आणखी कुणीतरी असावं, इतकं ओझं. मग एकदम हलका झाला आणि माझ्या कुशीत आला. दवाने सगळं गवत गार होतं. त्याच्या सदऱ्याची पाठ तेवढी ऊन ऊन होती.

जेमतेम दोन हातांच्या अंतरावर देर्लिसचा घोडा उभा होता. घामाने निथळत. आखलेली वाट इथून कितीतरी लांब होती.

देर्लिस पांढराफटक पडला होता. "आवरेचना गं... सरळ त्याच्या अंगावरच चालला होता. लगाम माझ्या हातात नव्हताच. मग आपोआप थांबला."

घरी येताना सिरो मागे बसून चिपा खात होता. चीजचा तो पाव त्याला फार आवडतो. जणू काही झालंच नव्हतं.

"उठला का नाहीस रे, बाळा?"

"ती बाई माझ्यावर झोपली होती ना. म्हणाली, घोडे जाईपर्यंत हलायचं नाही."

"कुठली बाई?"

"मला काय माहीत! तिने विचारलं, हे कपडे तुला कुणी घातले?"

देर्लिसने गाडी हळू केली.

"मग तू काय सांगितलंस?"

"आईने, म्हटलं."

"आणि ती?"

सिरोने तोंडातला घास गिळला.

"म्हणाली, मीपण माझ्या पोराला घातले होते."

यंदा गटातून सिरोचं माप मागायला फोन आला. मी नाही म्हणून ठेवून दिला.

पण ते वाक्य ती बाई माझ्यावर रागावून म्हणाली होती की कसं, हे मी सिरोला आजवर चारदा विचारलंय.

त्याला सांगता येत नाही.