लुईसची जागा

शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारी जेवण आणि मग लेक प्रिन्सीला घेऊन अल हिलाल, असा आमचा वर्षभराचा ठरलेला क्रम होता. दोह्यातल्या आमच्या अल मुंतझाच्या घरून टॅक्सीला दहा मिनिटं लागत. तिथे जोआकीम नावाच्या पोर्तुगीज इंजिनियरच्या व्हिलात चार वाजता आठ माणसं गायला जमायची. आठही पोर्तुगीज. नववा माझा नवरा होता, लुईस लोपीस, वसईचा.

लुईसला आडनाव सोडलं तर पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. स्टेडियमच्या साइटवर तो इलेक्ट्रिकल सुपरवायझर होता. जेवणाच्या सुट्टीत वसईकडच्या लदिनीचा, म्हणजे प्रार्थनेच्या गाण्याचा, सूर गुणगुणत बसला होता, तो जोआकीमने ऐकला आणि त्याला उचलूनच नेलं. "चारशे वर्षांनी वसुली करतायत," असं मी चिडवायची.

त्यांच्या गाण्याला वाद्यं नसतात. माणसं दंडात दंड अडकवून रांगेत उभी राहतात आणि जागच्या जागी संथ डोलतात. पहिली ओळ एकटा जोआकीम म्हणे. दुसरी ओळ उंच आवाजात एकटा लुईस उचली. मग सगळे.

जून एकवीसमधल्या एका शुक्रवारी साइटवर जादा पाळी होती. लुईस सकाळी म्हणाला, अंगात कणकण आहे. मी नर्स. कोविडमध्ये घेतलेलं बंदुकीसारखं थर्मामीटर त्याच्या कपाळाला लावलं. नव्व्याण्णव. "काही झालेलं नाही, जा," मी म्हणाले. दुपारी साइटवर तो उष्माघाताने कोसळला आणि संध्याकाळपर्यंत गेला. माझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही, त्या दिवशीसुद्धा नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रिन्सीलाही नाही.

जोआकीमच्या गावाकडे रीत आहे. रांगेतला माणूस वारला की वर्षभर त्याची जागा भरत नाहीत. दोन्हीकडचे गडी रिकाम्या हवेभोवती कोपर वाकवून उभे राहतात. त्याची ओळ आली की सगळे गप्प राहतात, ओळ संपेल एवढा वेळ. घरच्यांनी वर्षभर येऊन समोर बसायचं. मी जायची, कारण दोह्यात लुईसचं नाव निघेल अशी ती एकच जागा उरली होती.

मार्चमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं की रिकाम्या जागेच्या डावीकडच्या माणसाचा शर्ट घामाने फक्त उजव्या बाहीला भिजतो आणि उजवीकडच्याचा डाव्या. खोलीत एसी चालू असायचा. जोआकीमने मजीद मेकॅनिकला बोलावलं. मजीदने एसी उघडला, बंद केला, शिडी घडी करताना नेमका त्या जागेवरून गेला आणि थबकला.

"मॅडम, इधर धूप किधर से आता है?"

त्या भिंतीला खिडकी नव्हती. मजीद चहा न घेता गेला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पुढच्या शुक्रवारी थर्मामीटर पर्समध्ये टाकलं. गाणं सुरू असताना त्या मोकळ्या जागेवर धरलं. मागे गार भिंत होती, म्हणजे यंत्राने 'लो' दाखवायला हवं. त्याने शंभर दाखवलं. दुसऱ्यांदा धरलं. शंभर. कोचावर प्रिन्सी मोबाइल बघत बसली होती, तिच्या कपाळाला लावलं. अठ्ठ्याण्णव. यंत्र ठीक होतं.

एप्रिल संपता संपता एकशे दोन झालं. मेमध्ये एकशे चार. त्याच्या ओळीच्या शांततेत आता धाप ऐकू यायची, जवळची, कोरडी. आठ माणसं जमिनीकडे बघत डोलत राहायची. मी वॉर्डात रोज ताप उतरवते. इथे बसून नुसते आकडे बघत होते आणि माझ्या जिवाची काहिली होत होती.

शेवटी जोआकीमला विचारलं, "तुम्हाला कळतंय ना?"

त्याने हातातला कप पुसून ठेवला. "वर्षाच्या दिवशी त्याच्या घरचं माणूस त्या जागी उभं राहतं," तो इंग्रजीत म्हणाला. "एका गाण्यापुरतं. त्याच्या ओळीला त्याला जा म्हणून सांगतं. मग तो सुटतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"आमच्यात कुणी न सांगितल्याचं मला माहीत नाही."

वर्ल्ड कपच्या आधीचा मोठा कार्यक्रम समुद्राकाठच्या कॉर्निशवर होता, काउंटडाऊनच्या घड्याळाशेजारी. त्यासाठी रांग पूर्ण हवी होती. नवा माणूसही ठरला होता. फक्त मी एक शब्द बोलायचा होता. 'जा'. तो मी एकदा बोललेच होते की.

तरी रोज आंघोळ करताना मी तो शब्द घोकत होते. लुईसला तिथे तापत ठेवणं मला सहन होत नव्हतं. मी ठरवलं होतं, सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं.

वर्ष भरलं तो शुक्रवार आला. प्रिन्सीला कोचावर बसवलं. थर्मामीटर त्या जागेवर धरलं, तर आकडा आलाच नाही. नुसतं 'हाय'.

मी रांगेत शिरले. दोन्हीकडच्यांनी माझ्या दंडात दंड अडकवले. त्यांचे हात थंडगार होते. तापलेल्या तव्यासमोर उभं राहिल्यासारखी धग मागून येत होती.

जोआकीमने पहिली ओळ म्हटली.

मग शांतता.

मानेवर श्वास आला. कढत.

"पॉलीन," लुईस म्हणाला. "जाऊ?"

त्या सकाळी दारात बूट घालताना त्याने असंच विचारलं होतं.

जोआकीम माझ्याकडे बघत होता. ओळ संपत आली होती. मी ओठ उघडले.

"नको जाऊस," मी म्हणाले. "घरी राहा."

सगळे गायला लागले. मानेवरची धग गेली. गाणं संपल्यावर जोआकीमने त्या जागेत हात फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला मराठी येत नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले.

नवा माणूस रांगेत आला. त्याची बाही भिजत नाही. कॉर्निशवरचा कार्यक्रम छान झाला म्हणतात. मी गेले नाही, मला घरी काम असतं. स्वयंपाकघराच्या दारापाशी हातभर जागा आहे, तिथे मी दिवसातून चार-पाच वेळा ओला पंचा धरून उभी राहते. काल वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरने विचारलं, हात कशाने भाजले. इस्त्रीने, म्हणाले.

शाळेचा युनिफॉर्म धुतला की प्रिन्सी बाल्कनीत जात नाही, त्या दारापाशी जाऊन दोन्ही हातांनी उंच धरते.

"मम्मा, इट्स ऑलरेडी ड्राय," ती म्हणते आणि घडी घालते.