पाचवी तक्रार

नेटवाला आला असेल म्हणून पृथ्वीराजनं दार उघडलं, तर समोर खांद्यावर शिडी घेतलेली एक पोरगी!

“मी तेजस्वी. नेटची तक्रार तुमचीच न्हवं? राऊटर कुठाय, पावणं?”

राऊटरच काय, त्या घडीला त्याला स्वतःचं नावही आठवलं नसतं. घरचा धंदा लग्नाकार्याला भांडी भाड्यानं द्यायचा. त्याचे वडील बाळासो बाहेरच्या खोलीत पातेली पार छतापर्यंत रचायचे, आणि त्या ढिगामागं बिचारा राऊटर कोंडलेला.

“अवो, एवढ्या धातूतनं सिग्नल भाईर यायचा कसा?” ती हसली. गालाला खळी पडली, मग ह्याचं कसलं लक्ष! “ऐका. वायफायच्या दोन पट्ट्या असत्यात, म्हंजे बँड. टू पॉइंट फोर लांब जातीया, भिंतीपल्याड बी पोचती, पर दमानं. फाइव्ह लई जोरात पळती, पर मधी भिंत आली की गार.”

“म्हंजे... जवळ आल्याबिगर उपेग न्हाय.”

“राऊटरच्या जवळ,” ती म्हणाली खरी... पण कान लाल झाले होते.

तिनं राऊटर घराच्या मधोमध, उंच फळीवर बसवला. नेट सुसाट! आता गप बसावं की नाही? पण पोरगं येडं. नेट नीट चाललं तर ती परत येईल कशाला? चार दिवसांत त्यानं राऊटर खाली काढला, त्याच्यावर आमटीचं मोठं पातेलं पालथं घातलं आणि तक्रार नोंदवली. ती यायच्या आधी सगळं जागच्या जागी. मग दर थोड्या दिवसांनी हाच खेळ. ती तपासायची, दोष सापडायचा नाही, मग चहा व्हायचा. चौथ्या खेपेला तर आईनं पोहेच टाकले.

पाचव्या खेपेला मात्र चहा तसाच गार झाला.

“ही माझी शेवटची खेप,” तेजस्वी म्हणाली. “एका घरातनं महिन्यात पाच तक्रारी, म्हंजे मला काम येत न्हाय, असं साहेब म्हणत्यात. सोमवारपासनं जयसिंगपूरच्या ऑफिसात फोन उचलायचा. शिडी बंद...” तिनं शिडीवरनं हात फिरवला. “लई आवडीचं काम हाय वो माझं. खरंच कळंना, दोष कुठाय.”

पृथ्वीराज कात्रीत सापडला. गप्प बसावं तर तिचं काम जाणार. खरं सांगावं तर ती आयुष्यात तोंड बघायची नाही.

“साहेबांना फोन लावा,” तो म्हणाला. “लावा की! स्पीकरवर.”

तिनं लावला.

“साहेब, पयली तक्रार खरी. पुढच्या चार खोट्या. मीच राऊटरवर पातेलं घालत हुतो.”

“का पण?” साहेब ओरडले.

“म्याडम याव्यात म्हणून... मला आवडत्यात त्या.”

आत आईच्या हातातनं झारा पडला. बाळासो दारात येऊन फक्त म्हणाले, “कुठलं पातेलं रं?”

फोनमध्ये साहेब खोकले. “तेजस्वी, सोमवारी शिडी घेऊन हितंच हजर व्हायचं, जयसिंगपूर रद्द. आणि ह्या गड्याचं कनेक्शन ठेवायचं का तोडायचं, ते तूच ठरव.”

तिनं शिडी उचलली आणि तरातरा बाहेर पडली. तो मागोमाग.

“चार खेपा उन्हातनं आलतो मी! दोष हुडकून डोकं फुटायची पाळी आलती. सरळ बोलायला जीभ न्हवती?”

“तुमच्यापुढं... न्हवती.”

ती गाडीवर बसली. चालू केली, बंद केली.

“रविवारी कोडोलीला आमच्या घरी या. माझं वडील, अप्पा, घरी असत्यात. साहेबांना जे सांगितलंसा, ते त्यांस्नी सांगायचं. अस्संच, न घाबरता.”

“अन् त्यांनी तुम्हाला इचारलं तर?”

“मला?” तेजस्वीनं गाडी परत चालू केली. “मी चौथ्या खेपेपासनंच व्हय म्हणून बसलोय.”