चार बाइटची रिकामी जागा

तिने लिफ्टमध्ये तीनचं बटण दाबलं, आणि लिफ्ट खाली निघाली.

आधी तिला वाटलं, आपलाच भास. पण दिवा दोनदा लुकलुकला, विझला. दार उघडलं तर समोर काळोख. गार हवेचा झोत अंगावर आला… आणि काळोखात, कपाळावर एकच लखलखता डोळा घेऊन कुणीतरी उभं होतं.

ती किंचाळली. पण किंचाळी कुठे गेलीच नाही. भिंतींनी ती जणू गिळून टाकली.

"घाबरू नका," डोळा म्हणाला. "इथे पूर्वी शीतगृह होतं. भिंतींत बुचाचे जाड थर आहेत. कितीही ओरडलं तरी आवाज बाहेर जात नाही."

"हे ऐकून माणसाची भीती कमी होते, असं वाटतं तुम्हाला?"

डोळा खाली झुकला. कपाळाला बांधलेली बॅटरी होती ती. तिच्यामागे एक लांबट, हडकुळा चेहरा. दाढी वाढलेली, गळ्याला मफलर. त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तुम्ही खऱ्या आहात ना?"

"सकाळपर्यंत तरी होते."

"माफ करा. सकाळपासून ही लिफ्ट रिकामीच खाली येतेय. दार उघडतं, कुणी नसतं, दार मिटतं. मला वाटलं, आताही…" वाक्य त्याने तिथेच सोडलं. मग हात लांब करून वरचं बटण दाबून दिलं. "जा. आता नीट जाईल."

दार मिटता मिटता तिला दिसलं, त्याच्या बोलण्यातून वाफ निघत होती. आणि तो हसत होता.

वर तिने हे सांगितलं, तेव्हा सगळे फिदीफिदी हसले. "भेटला वाटतं मुंजा!" शेजारच्या टेबलावरची म्हणाली. "जुनी यंत्रं सांभाळतो. लग्न नाही, वर येणं नाही, पिंपळाऐवजी तळघर धरून बसलाय. झपाटला नाही ना तुला?"

"छे," ती म्हणाली. पण कान गरम झाले ते झालेच.

तिचं शिक्षण पदार्थविज्ञानाचं. नोकरी मात्र सी या संगणकभाषेच्या लायब्ररीची देखभाल करणाऱ्या या छोट्या गटात लागली होती. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या पायाखालची जमीन. कुणी तिच्याकडे पाहत नाही, पण ती हलली तर वरची घरं पडतात. तिच्याकडे काम आलं होतं संकेतांच्या हेडर फाइलचं. चालू प्रोग्रामला मध्येच हाक मारायची तर यंत्र त्याला संकेत पाठवतं: थांब, जागा हो, वेळ झाली. प्रोग्रामला ती हाक झेलता येते, किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करता येतं. दोनच हाका अशा की ज्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. हे सारे संकेत आणि त्यांचे आकार ज्या फाइलमध्ये लिहिलेले, ती फाइल वर्षानुवर्षं फुगत गेली होती. वेगवेगळ्या यंत्रांचे अपवाद एकमेकांत गुंतून तिचं पार कडबोळं झालं होतं. ते सोडवून चार-पाच लहान, नीटनेटक्या फायली करायच्या होत्या.

धंद्यातले शब्द मोठे विचित्र. प्रोग्रामला मारायचं, त्याचं पोर मेलं की आईबापाला संकेत जातो, आईबाप गेले की पोर अनाथ, मेलेला प्रोग्राम यादीतून निघाला नाही की त्याला चक्क जिवंत मढं म्हणायचं. पहिल्या दिवशी तिला हसू आलं होतं. आता तळघरातल्या त्या भिंतींची आठवण झाली की तेवढं येत नव्हतं.

तिच्या फायली सगळ्या नव्या यंत्रांवर पास झाल्या. राहिलं ते एकच जुन्या जातीचं यंत्र. ती जात अजून कुठल्या कुठल्या पाण्याच्या पंपांवर आणि लिफ्टांमध्ये चालत होती, आणि तिचा नमुना होता तळघरात. मुंज्याकडे.

"झाली का चाचणी?" तिने खाली जाऊन विचारलं.

"उद्या."

दुसऱ्या दिवशीही "उद्या". तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी आधीच एक स्टूल पुसून ठेवलं होतं.

"तुमचा उद्या कधी उजाडतो?"

"इथे खिडकी नाही," तो म्हणाला. "उजाडलेलं कळत नाही."

मग रोजचंच झालं. ती जायची, तो चहा करायचा, दोघं कप हातात धरून बोटं शेकायची. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीत तो बसायचा, दुसरी टेबलाला लावून ठेवलेली असायची आणि ती कधी कुणी ओढायचं नाही. तिनेही विचारलं नाही. बोलता बोलता कधीतरी "अहो" गळून पडलं. कुणाचं आधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"रोज तळघरात जातेस नि गाल लाल करून येतेस," ती ज्या मावशीकडे राहत होती ती म्हणाली. "थंडीने, नाही का गं?"

"थंडीनेच."

"हो तर. मी तुझ्या काकांना भेटायला जायचे तेव्हाही भर उन्हाळ्यात अशीच थंडी पडायची हो!"

आणि मग एका धुक्याच्या दुपारी गटप्रमुख बाईंनी तिला बोलावलं. खिडकीच्या काचेला धुकं चिकटलं होतं, पलीकडचा रस्ता पुसून गेला होता. "उद्या संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडणार," त्या म्हणाल्या. "तळघरातून होकार की नकार, काहीच नाही. तुझ्या फायली चालतात की नाही? चालत नसतील तर काढून टाकते. चालत असतील तर त्याला तोंड उघडायला सांग."

ती तडक खाली गेली. "माझ्या कामात खोट असेल तर तोंडावर सांग ना! असं झुलवत का ठेवतोस?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

"इथे बस. आणि… हसू नकोस."

त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पंखा घरघरला. चाचणीचा प्रोग्राम आपणहून सुरू झाला. त्याचं काम एवढंच, की स्वतःलाच एक संकेत पाठवायचा, आणि आलेल्या संकेताचा लिफाफा उघडून पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि खातं वाचायचं. पडद्यावर ओळ उमटली.

*संकेत आला. पाठवणारा प्रोग्राम: ०. खातं: ४१७.*

"शून्य?" ती म्हणाली. "शून्य म्हणजे तर कुणीच नाही."

"हो. कुणीच नाही."

"आणि ४१७ कोणाचं खातं?"

त्याने टेबलाला लावलेल्या खुर्चीकडे पाहिलं. "ताईचं. माझी थोरली बहीण. हे यंत्र आधी ती सांभाळायची. तू जी फाइल सोडवतेयस ना, तीही तिनेच लिहिलेली. मागच्या थंडीत गेली. तापाचं निमित्त झालं… तिचं खातं पुसायला माझा हात धजला नाही."

पंख्याची घरघर जराशी उतरली आणि पुन्हा चढली. तिच्या मानेवर काटा आला.

"जुन्या फायलींवर असं होत नाही," तो हळूच म्हणाला. "तुझ्या फायली घातल्या की होतं. दर वेळी. कुणीच नसतं, आणि ती हाक मारते."

"म्हणजे… मी बोलावलं तिला?"

"मला नाही माहीत. पण तू आल्यापासून या खोलीत मला एकटं वाटत नाही. त्यातली तू किती आणि ती किती, ते मला वेगळं काढता येत नाही. काढायचंही नाहीये."

असं कुणी कधी तिच्याशी बोललं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्या आनंदाच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद घेतला आणि लिफाफ्याचा आकार काढला. घराला घर लावून: कोणता संकेत, कशासाठी, कुठली चूक, मग पाठवणारा प्रोग्राम, मग त्याचं खातं. शेजारी तिने ताईच्या जुन्या फाइलमधला आकार काढला. सगळं तेच. फक्त त्या एका जुन्या यंत्रासाठी, तिसऱ्या घरानंतर, ताईने चार बाइटची एक जागा रिकामी सोडली होती. ना नाव, ना खुलासा. आवराआवर करताना तिनेच ती अडगळ समजून झाडून टाकली होती.

तिचा हात कागदावरच थांबला.

यंत्र ती जागा सोडूनच लिहीत होतं. तिच्या फायली मात्र ती नाहीच असं धरून वाचत होत्या. म्हणून सगळं एक घर अलीकडे वाचलं जायचं. प्रोग्रामच्या जागी रिकामं घर: शून्य. आणि खात्याच्या जागी प्रोग्रामचा क्रमांक. यंत्र दर वेळी त्याच क्रमाने सुरू व्हायचं, म्हणून चाचणीच्या प्रोग्रामला दर वेळी तोच क्रमांक मिळायचा: ४१७.

कुणी हाक मारत नव्हतं. तिची चूक बोलत होती.

सांगितलं, तर त्याची ताई दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी घालवणारी ती असणार. गप्प राहून फायली मागे घेतल्या, तर तिचं काम बुडेल, पण त्याच्या यंत्रावर त्या तशाच राहतील, आणि त्याच्या खोलीत ४१७ही. आणि त्या खोलीत तिलाही जागा राहील. रोजचा चहा, रोजचं स्टूल… एका भासाच्या आधाराने. किती दिवस? ती कितीदा त्या पडद्याकडे पाहून मान डोलावणार होती?

तिने कागदाची घडी घातली आणि जिन्याने खाली गेली.

त्याने कागद पाहिला. एकदा, मग पुन्हा. कपाळावरची बॅटरी बंद केली.

"समजलं," तो म्हणाला. "तुम्ही हे वरूनच कळवू शकला असता."

ते "तुम्ही" तिच्या छातीत रुतलं.

"कळवू शकले असते. पण वरून सांगितलं असतं तर तू एकटाच असतास इथे."

बुचाच्या भिंतींत शांतता इतकी दाट होती, की तिला स्वतःच्या डोळ्यांची उघडझाप ऐकू येईल असं वाटलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "हे यंत्र तू माझ्यापेक्षा दसपट ओळखतोस. तुला घटकाभरात सापडलं असतं."

"हो." त्याचा आवाज घोगरा झाला. "म्हणून तर शोधलं नाही."

मग तो कीबोर्डाकडे वळला आणि तिच्या नव्या, नीटनेटक्या फाइलमध्ये, तिसऱ्या घरानंतर, चार बाइटची जागा त्याने स्वतःच्या हाताने रिकामी सोडली. वर खुलाशाची एक ओळ लिहिली: *ही जागा रिकामीच राहू द्यावी.* लायब्ररी पुन्हा बांधायला वेळ लागत होता. दोघं वाट पाहत बसले. चहा कुणाला सुचला नाही.

यंत्र सुरू झालं. पंखा घरघरला. ओळ उमटली.

*संकेत आला. पाठवणारा प्रोग्राम: ४१७. खातं: ५०२.*

"पाचशे दोन कोण?" तिने विचारलं.

"मी." तो पडद्याकडे पाहतच राहिला. चाचणी त्याच्याच खात्यावर चालत होती. दुसरं कोण असणार होतं? "इतके दिवस… मीच मला हाका मारत होतो."

तो हसायला लागला, आणि हसता हसता मफलरात तोंड खुपसून रडला. ती जवळ सरकली नाही. नुसती बसून राहिली.

"पण नेमका ४१७च का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "सगळे आकडे सोडून तिचाच?"

"योगायोग," ती म्हणाली. मग खरं तेच सांगितलं. "निदान मला तरी दुसरं उत्तर माहीत नाही. आणि काल इथे बसले होते ना, तेव्हा मलाही वाटलं होतं, की आपण तिघं आहोत."

त्याने डोळे पुसले. "थँक्यू," म्हणाला. मग जरा थांबून, "तू खाली आलीस म्हणून."

वर गटप्रमुख बाईंना होकार गेला. आता जाण्याचं काहीच निमित्त उरलं नव्हतं, आणि थांबण्याचंही. तिने पलीकडचा कीबोर्ड पुढे ओढला, आपल्या खात्याने आत शिरली आणि एक ओळ लिहिली.

*परवानगी नाही,* यंत्र म्हणालं.

"परक्या खात्याची हाक दारातच अडवतं ते," तो म्हणाला. "कुणाला हाक मारतेयस?"

"पाचशे दोनला."

तो तिच्या खांद्यावरून पुढे वाकला. मफलरचं टोक तिच्या गालाला लागलं. लोकर अजून ओलसर होती. त्याने तिच्या नावावर परवानगीची एक ओळ लिहिली आणि हात मागे घेतला. "आता बघ."

तिने पुन्हा लिहिलं. या वेळी त्याच्या पडद्यावर तिचं खातं उमटलं, आपल्या नीट जागी.

"हा कुठला संकेत?" तो म्हणाला. "थांब? जागा हो?"

"यातला कुठलाच नाही. याला ठरलेला अर्थ नसतो. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून ठरवायचा. दुर्लक्ष केलंस तरी चालतं… यंत्राला राग येत नाही."

"आणि तुला?"

"मला येतो."

त्याने टेबलाला लावलेली ती दुसरी खुर्ची धरली. क्षणभर तिच्या पाठीवर हात तसाच राहिला. मग त्याने ती बाहेर ओढली, मफलराने पुसली आणि तिच्यापुढे सरकवली.

"स्टुलावर नको बसूस," तो म्हणाला. "ठरवायला वेळ लागेल."