शिंपल्यातल्या पाच रेघा

दोन वर्षे गावाने खाडी बंद ठेवली होती, कुणीच हात घातला नव्हता. तरी तिसऱ्या (चिखलात राहणारे छोटे शिंपले) वाढल्या का नाहीत?

शिरवेखार गावात या कोड्याने सर्वांत जास्त बेचैन होती जुई. गावाचा नियम असा, की बारकी पिल्ले उचलणाऱ्या बाईची टोपली धक्क्याच्या खांबावर उलटी टांगायची. तिने मग खाडीत उतरायचे नाही. तिच्या सुगंधाआत्याची टोपली तिथे दोन वर्षे लटकत होती. आत्याने पिल्ले उपसली म्हणून खाडी ओस पडली, असे सगळे म्हणत.

जुईने काठावरचा एक रिकामा शिंपला भास्करआजोबांकडे नेला. आजोबा निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा यंत्रमानव टिप्या शिंपल्यावर डोळा रोखून बसला.

"वर्षाला एक रेघ. पाच रेघा, म्हणजे वय पाच," टिप्या म्हणाला. "पहिल्या दोन ऐसपैस. पुढच्या तीन अगदी चिकटून, म्हणजे वाढ खुंटली. आणि त्या तिन्हींत जस्त! आजोबा, तुमच्या चहात साखर असते ना, तसं भरपूर."

"तीन वर्षांपूर्वी तर पत्र्याला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना आला," जुई पुटपुटली.

"परकीय गुंतवणूक," आजोबा म्हणाले. "म्हणजे दुसऱ्या देशातल्या कंपनीने आपल्याकडे उद्योगात लावलेला पैसा. त्याने कामं मिळतात, ते खोटं नाही. टिप्या, कंपनीच्या मायदेशातल्या कारखान्याजवळचे शिंपले बघ."

टिप्याने जागतिक शिंपला-संग्रह चाळला. भिंतीवर चित्र उमटले. तिथल्या रेघा सरळ, रुंद. जस्त जवळजवळ नाहीच.

जुईने चित्रावर बोट ठेवले. "त्याच कंपनीचा कारखाना? तेच पत्रे?"

"तेच," आजोबा म्हणाले. "पण तिथे सांडपाणी शुद्ध करूनच सोडावं लागतं, नाहीतर टाळं लागतं. इथे ते तसंच खाडीत सोडतात; तपासणी सैल, आणि शुद्धीकरणाचं यंत्र महाग. म्हणून पैसा इकडे आला, यंत्र तिकडेच राहिलं."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

आजोबांनी शिंपला हातात घेतला. "त्यांना होतं. आणि मी विचारलं नाही. परवानगीच्या कागदावर गावातर्फे सही माझी आहे, बाळ. 'पाण्याचं काय?' एवढंच विचारायचं होतं. भिडेपोटी राहिलं."



संध्याकाळी धक्क्यावर सभा भरली. सभेत कधीही न बोलणारे आजोबा उठले. त्यांनी शिंपला सगळ्यांना दाखवला. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी खांबावरची टोपली काढून आत्याच्या हातात दिली, आणि त्या खिळ्यावर आपली टोपी उलटी टांगली.

"माझ्यामुळेच खाडी ओस पडली म्हणून दोन वर्षं मी स्वतःलाच शिव्या घातल्या, भास्करकाका," आत्या म्हणाली. कुणाला मान वर करवेना.

मग तीच पुढे म्हणाली, "टोपी टांगून यंत्र येतंय का? कागद काढा. जे तिकडे लावलंय, तेच इथे लावा म्हणावं. नाहीतर टाळं. आणि आता पहिली सही माझी."

सगळ्या गावाने तिच्यामागून सह्या केल्या. जुईने तो शिंपला कागदासोबत ठेवला.

"सहावी रेघ कशी असेल रे, टिप्या?"

"ती अजून कुणी आखलेली नाही," टिप्या म्हणाला.